सांवेरच्या गाडीचा पांढरा फिल्टर

लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा मध्य भारत नावाचं वेगळं राज्य होतं. उन्हाळ्यात सरकार इंदूरला असे आणि थंडीत ग्वाल्हेरला जाई, त्यामुळे कुठल्याही कामाचं काय झालं असं विचारलं की निम्मं वर्ष एकच उत्तर मिळायचं, फाइल ग्वाल्हेरला आहे. माझे यजमान बसच्या एका डिपोत सुपरवायझर होते. गाड्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. मी धुळ्याची, केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झालेली, आणि इंदूरला आल्यावर थोड्याच दिवसांत मुलींच्या एका शाळेत सायन्स शिकवायला लागले होते. घरात आम्ही तिघंच. सासरे दरबारच्या नोकरीत होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. सासूबाईंना त्या नोकरीचा अभिमान होता, आणि मुलगा रोज काळे हात घेऊन घरी येतो याचं थोडं दुःखही.

नवीन लग्नात माणसं एकमेकांशी काय बोलतात ते मला माहीत नव्हतं. यजमानांनाही नसावं. जेवताना ते भाजीबद्दल काहीतरी म्हणत, मी शाळेतलं काहीतरी सांगे, आणि मग दोघंही गप्प. असे काही महिने गेले. एका रविवारी सकाळी ते डिपोतून आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन. मागच्या अंगणात नळापाशी बसून त्यांनी ते सोडलं. पत्र्याचे दोन डबे होते, लोणच्याच्या मधल्या बरणीएवढे. बुडातून काळं तेल ठिबकत होतं.

मी कपडे वाळत घालत होते. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, इंजिनातल्या तेलाचं गाळणं, फिल्टर. आणि पुन्हा आपल्या कामात गढले.

परदेशातले तयार फिल्टर त्या काळात सहजी मिळत नसत. लायसन्स हवं, परमिट हवं, आणि ते कागद पुन्हा ग्वाल्हेरला. म्हणून डिपोत जुनेच डबे धुऊन घेत आणि त्यात मिलमधलं टाकाऊ सूत ठासून भरत. इंदुरात सुताला तोटा नव्हता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मी फक्त पाहत होते. त्यांनी पकडीनं एका डब्यातलं सूत ओढून काढलं, ते डांबरासारखं काळं आणि चिकट होतं. दुसऱ्यातलं काढलं, ते नुसतं तपकिरी. दोन्ही बोळे कागदावर शेजारी शेजारी ठेवून ते गुडघ्यावर हनुवटी टेकून बसले.

"दोन्ही गाड्या एकाच रस्त्याच्या," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मैलही सारखेच झालेत."

मी कपड्यांची बादली तशीच ठेवली आणि धुण्याच्या दगडावर बसले. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. इंजिनात तेल असतं एवढं मला ठाऊक होतं, पण ते घाण होतं म्हणजे काय होतं, आणि ती घाण येते कुठून? त्यांनी कोळशाचा तुकडा घेतला आणि फरशीवर चित्र काढून दाखवायला लागले. खाली तेलाची टाकी. तिथून पंप तेल वर ढकलतो, ते सगळ्या फिरत्या भागांना मिळतं आणि परत खाली पडतं. वाटेत एक बारीक पाइप बाजूला निघते आणि थोडंसं तेल या डब्यात नेते. डब्यातल्या सुतातून ते गाळून निघतं आणि पुन्हा टाकीत जातं. पेट्रोल जळल्याची काजळी, रस्त्यावरची धूळ, लोखंडाची झीज, सगळं सुतात अडकतं.

"म्हणजे सगळं तेल गाळलं जात नाही?"

"एका वेळी नाही. पण तेल फिरतच राहतं ना. प्रत्येक थेंबाची कधी ना कधी पाळी येते."

"आणि आलीच नाही तर?"

ते कोळसा हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तर तेल काळं होत जाईल आणि ड्रायव्हरला काही कळणार नाही. तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा होता तिथंच राहील."

मला याचं फार नवल वाटलं. चाळणी तुंबली तर आपल्याला लगेच दिसतं, नळाला गाळ बसला तर धार बारीक होते. इथं एक गोष्ट काम करायची थांबते आणि गाडी मात्र छान धावत राहते, खूप दिवसांनी इंजिनच बसतं तोवर. यजमानांची अडचण नेमकी तीच होती. अमुक मैल झाले की सूत बदला असा नियम होता, पण कोणाचं सूत आधीच भरलेलं निघे आणि कोणाचं निम्मंही वापरलेलं नसे. उघडल्याशिवाय आतली स्थिती कशी कळावी, हा त्यांचा प्रश्न. त्या दिवशी आमचं जेवण उशिरा झालं. सासूबाई दोनदा दारात येऊन बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना टीपकागद आणले. कल्पना साधी होती. शाईचा थेंब टीपकागदावर पसरतो तेव्हा त्यातले रंग वेगवेगळे होतात, हे मी मुलींना दाखवत असे. तेलाचंही तसंच काहीतरी व्हायला हवं. यजमान औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून दर गाडीचं थोडं थोडं तेल आणायला लागले. मी काचेच्या कांडीनं एकेक थेंब टीपकागदावर सोडे आणि खाली गाडीचा नंबर लिही. ते कागद वाळायला लागत, म्हणून अंगणातल्या दोरीवर चिमट्यांनी लावून ठेवी. ताजं तेल पसरून नुसता पिवळसर डाग व्हायचा. वापरलेल्या तेलाच्या डागात मधोमध काळा ठिपका उरे आणि भोवती फिकट कडं. तेल जितकं घाण, तितका ठिपका मोठा आणि कडं अरुंद.

सासूबाईंना आपल्या दोरीवर हे कागद आवडले नव्हते. पण त्या रोज तिथून जात, आणि रोज पाहून पाहून त्यांनाही त्यात रस यायला लागला. एके दिवशी मी शाळेतून आले तर त्यांनी सगळे कागद क्रमानं लावून ठेवले होते.

"ही पौर्णिमा," त्या पहिल्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "ही पंचमी आहे, ही अष्टमी. आणि ही तर पूरी अमावस्या आहे, बघ."

यजमानांना ही भाषा इतकी पटली की ती त्यांनी डिपोत नेली. तिथले मेकॅनिक अमुक गाडी अष्टमीला आली, तमुक गाडीची उद्या चतुर्दशी, असं बोलायला लागले. अष्टमी दिसली की डबा उघडायचा, असं ठरलं. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघे. तेलाचा डाग काळा, म्हणजे सूत भरलेलं. मला शाळेतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा याचं जास्त समाधान वाटायचं, कारण इथं उत्तर पुस्तकात आधी लिहिलेलं नव्हतं.

फक्त सांवेरची गाडी ऐकत नव्हती.

उज्जैनच्या वाटेवरच्या सांवेर गावाला जाणारी ती गाडी दाजी चालवायचे. डिपोत त्यांना सगळेच दाजी म्हणत. साठीकडे झुकलेले, ताठ बसणारे, पांढऱ्या मिशांचे. त्यांचे वडील आणि आजोबा दरबारच्या पागेत होते, ते स्वतः दरबारच्या मोटारखान्यात गाडी शिकले आणि संस्थान विलीन झाल्यावर बसवर आले. यजमान त्यांना फार मानत. त्याला एक कारणही होतं. यजमान या डिपोत आल्यापासून जेव्हा जेव्हा सांवेरच्या गाडीचा फिल्टर उघडला गेला, तेव्हा सूत जवळजवळ पांढरं निघालं होतं. रस्त्यावर एवढी काळ्या मातीची धूळ, आणि गाडीचा फिल्टर असा. एकदा यजमानांनी सगळ्या ड्रायव्हरांना जमवून तो बोळा हातात धरून दाखवला आणि म्हणाले, गाडी कशी ठेवावी ते दाजींकडून शिका. घरात फिल्टरचं बोलणं सुरू झाल्यावर मलाही त्यांनी हे कौतुकानं सांगितलं होतं.

आता टीपकागदावर त्याच गाडीची अमावस्या दिसत होती. यजमानांनी तेल बदलून पाहिलं. आठवडाभर बरं गेलं आणि पुन्हा डाग काळा व्हायला लागला. फिल्टर उघडला, सूत पांढरं. त्यांनी तो बोळा घरी आणला. आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो.

"इंजिनच थकलं असेल," यजमान म्हणाले. "उघडावं लागेल. दोन-तीन महिने गाडी बंद."

मला ते पटत नव्हतं. इंजिन थकलं म्हणून तेल घाण होत असेल, कबूल, पण मग ती घाण सुतात का नाही? मी तो बोळा हातात घेऊन उलटसुलट केला. एवढे दिवस आम्ही स्वच्छ फिल्टर बघून खूश होत होतो. पण गाळणं कामाला लागलं की ते मळणारच. ज्यानं कधी काही गाळलंच नाही, तेच पांढरं राहील.

"तेल यातून जातच नाहीये," मी म्हटलं.

ते म्हणाले, पाइप जोडलेली आहे, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. मी विचारलं, तेल गरम असतं ना? गरम तेल डब्यातून जात असेल तर डबाही गरम होईल. नसेल जात, तर थंड राहील. हात लावला की कळेल. त्यांनी बोळा माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले की हे त्यांच्या डोक्यात यायला हवं होतं, पण त्यांच्यापुढं गाड्या येतात त्या धुऊन, उभ्या राहून गार झालेल्या. धावून आलेल्या गाडीचा फिल्टर ते सहसा बघतच नाहीत.

शनिवारी मला सुट्टी होती आणि त्यांना डिपोत तपासणी होती. सासूबाईंना किती तरी दिवसांपासून सांवेरच्या मारुतीला जायचं होतं. असं ठरलं की आम्ही दोघी दाजींच्या गाडीनं जाऊ, त्या दर्शन घेतील आणि मी डब्याला हात लावीन. दाजींना आधी काही सांगायचं नाही असं आमच्यापैकी कोणी ठरवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नव्हतं.

दाजींनी आम्हाला पुढच्या सीटवर बसवलं. सुपरवायझर साहेबांच्या घरची मंडळी म्हणून त्यांनी ती सीट स्वतःच्या रुमालानं पुसून दिली. थंडी नुकती सुरू झाली होती. दोन्हीकडे गहू वर येत होता, मधे मधे कापसाच्या बैलगाड्या इंदूरकडे चालल्या होत्या आणि त्यांना वाट देताना दाजी शांतपणे बस रस्त्याच्या खाली उतरवत आणि तितक्याच शांतपणे वर घेत. मी गेजकडे पाहत होते. काटा मध्यावर स्थिर होता. जाताना त्यांनी सासूबाईंशी जुन्या दसऱ्याच्या मिरवणुकीच्या गोष्टी केल्या. कुठला हत्ती कुठं उभा असे, सासरे कुठल्या रांगेत चालत, हे त्यांना सगळं आठवत होतं. सासूबाई किती दिवसांनी इतक्या मोकळ्या हसल्या.

सांवेरला उतरल्यावर सासूबाई देवळाकडे गेल्या. दाजींनी पाणी घालायला बॉनेट उघडलं. मी जवळ गेले आणि फिल्टर कुठला ते विचारलं. त्यांनी दाखवला. इंजिनातून गरम हवेचे लोट येत होते, पदर सावरून वाकावं लागलं.

"सांभाळून, बाईसाहेब. हात जळेल," ते म्हणाले.

मी आधी बोट लावलं, मग सगळा तळहात. डबा कोमट होता. उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याएवढा. मी हात तसाच ठेवून उभी राहिले, आणि खरं सांगते, मला तेव्हा फक्त आनंद झाला होता. आपला अंदाज बरोबर निघाला याचा. शेजारी उज्जैनला जाणारी गाडी येऊन उभी होती, तिचंही बॉनेट उघडं होतं. खात्री करून घ्यावी म्हणून मी त्या ड्रायव्हरला विचारलं आणि तिच्या डब्याला हात लावला. चटका बसला. मी बोटं झटकून मागं सरले आणि वळून दाजींना म्हणाले, "तुमचा तर गारच आहे."

तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. ते पाण्याचा डबा हातात धरून उभे होते आणि पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

त्यांनी डबा खाली ठेवला. जवळच्या चहाच्या दुकानापुढं बाक होता, तिकडे हात करून मला बसायला सांगितलं, आणि स्वतः उभे राहिले. मी बसा म्हटल्यावर बाकाच्या टोकाला टेकले. मग त्यांनी सांगितलं ते असं.

यजमान डिपोत येण्याच्या आदल्या वर्षी, भर पावसाळ्यात, फिल्टरकडे जाणारी बारीक पाइप रस्त्यात तडकली. इंजिनच्या थरथरीनं तडकली असणार. तेल फवाऱ्यासारखं बाहेर. गाडीत पोरंबाळं होती, एक बाळंतीण होती. गेजचा काटा खाली आलेला त्यांच्या वेळेत लक्षात आला म्हणून इंजिन वाचलं, पण ती सगळी माणसं भर पावसात चिखलातून चालत गेली. डिपोत त्यांनी नवी पाइप मागितली. नवी नव्हती. जुनीलाच कथील वितळवून डाख लावून दिला. तो डाख पुन्हा सुटला, पुन्हा लावला. तेव्हाच्या सुपरवायझरांनी ऐकून घेतलं नाही, उलट गाडी नीट चालवता येत नाही म्हणाले.

"मग मी काय केलं, बाईसाहेब, बिस्किटच्या डब्याचा पत्रा कापला," दाजी म्हणाले. त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून माप दाखवलं. "टिकलीएवढा. जिथून ती पाइप निघते ना, तिथं नटाच्या आत बसवून दिला. तेल तिकडं जायलाच नको. पाइप फुटली तर फुटू दे, लोक तर घरी पोचतील."

मी विचारलं, मग यजमान आल्यावर त्यांना का नाही सांगितलं.  सांगणार होते, म्हणाले. दोन दिवस मनात ठरवत होते. तेवढ्यात साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि तो पांढरा बोळा हातात धरून त्यांचं नाव घेतलं.

"सगळ्यांसमोर. आता त्यानंतर मी कसं बोलणार?"

सासूबाई प्रसाद घेऊन परत आल्या तेव्हा आम्ही दोघं बाकावरच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. दाजींनी त्यांनाही सगळं सांगितलं, तेच, त्याच क्रमानं. मला वाटलं सासूबाई चिडतील, कारण मुलगा सगळ्यांदेखत फसला होता. पण त्यांनी आधी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

"हे तुम्हीच सांगा त्याला," त्या म्हणाल्या. "हिनं सांगितलं तर चुगली होईल. आणि आजच सांगा."

दाजींनी मान हलवली. परतीच्या वाटेवर कोणी मिरवणुकीबद्दल बोललं नाही. सासूबाईंना डुलकी लागली. मी रस्ताभर त्या पत्र्याच्या टिकलीचा विचार करत होते. एवढासा तुकडा, आणि त्यानं गेज फसलं नाही, ड्रायव्हर फसला नाही, फक्त आम्ही बघणारे फसलो होतो. टीपकागदानं मात्र खरं ते दाखवलं. आणि माणसांना चिखलातून चालावं लागू नये म्हणून केलेली गोष्ट इंजिनाला रोज थोडं थोडं खात होती. चूक कोणाची म्हणायची, हे मला ठरवता येईना. इंदूर जवळ आलं, मिलची धुराडी दिसायला लागली, तरी ठरलं नव्हतं.

संध्याकाळी यजमान घरी आले ते हातपाय धुऊन सरळ पाटावर बसले. सासूबाईंनी पान वाढलं. मी विचारलं नाही. अर्धं जेवण झाल्यावर ते म्हणाले, "दाजी भेटले." मग पुन्हा जेवायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी हात थांबवला.

"मी तो बोळा हातात धरून भाषण केलं," ते म्हणाले. "आणि सगळे ऐकत होते. त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही की एवढा पांढरा कसा."

"मलाही नाही वाटलं," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत तेव्हा मीही कौतुकच केलं होतं."

त्यांनी मान वर करून पाहिलं आणि हसले. मग दोघंही हसायला लागलो. सासूबाई म्हणाल्या, आधी जेवून घ्या.

दाजींवर काही कारवाई झाली नाही. तसं करायचं तर वर लिहावं लागलं असतं, आणि मग पाइप मागूनही का दिली नाही, तेही लिहावं लागलं असतं. यजमानांना ती भीती नव्हती, पण एका माणसानं स्वतः येऊन सांगितलेलं त्याच्यावरच उलटवायचं त्यांच्या मनात नव्हतं. ते सराफ्याजवळच्या एका कसेऱ्याकडे, म्हणजे तांबटाकडे, जाऊन तांब्याची नळी घेऊन आले. पाइप सरळ जोडली की थरथरीनं तडकते, म्हणून त्यांनी नळीला मधे एक पूर्ण वेटोळं दिलं. मी त्याचं कारण विचारलं तर त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि हलवून दाखवलं. हादरा वेटोळ्यातच विरत होता. टिकली काढली, नवी नळी बसवली, डब्यात ताजं सूत भरलं.

दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी दाजी घरी आले. हातात इनॅमलची ताटली होती, वर कागद झाकलेला. अंगणात बसून त्यांनी कागद काढला. आत सुताचा बोळा होता, काळाकुट्ट, गुळगुळीत, तेल पाझरत असलेला. एखादं पक्वान्न आणावं तसा त्यांनी तो आणला होता. सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"किती घाण," त्या म्हणाल्या, पण चेहऱ्यावर कौतुक होतं. त्यांनी दाजींना चहा दिला आणि दोरीवरचे कागद दाखवले. सांवेरच्या गाडीचा कागद तेव्हा चतुर्दशीवरून दशमीपर्यंत आला होता. दाजींनी चष्मा लावून तो उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि मला विचारलं की हे कडं बाहेर का पसरतं आणि काळं मधेच का राहतं. मी सांगितलं की तेल कागदातून सरकतं, पण काजळीचे कण जड, ते मागं राहतात. त्यांनी विचारलं, मग तेल जास्त पातळ असेल तर? मला नक्की ठाऊक नव्हतं. तेव्हा आम्ही दोघांनी तिथंच एक थेंब गरम करून आणि एक थेंब गार असा सोडून पाहिला. गरम थेंब लवकर पसरला, पण वाळल्यावर दोन्हींत फारसा फरक उरला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

डिपोत नवीन पद्धत पडली. फेरी संपवून गाडी आली की धुवायला जाण्याआधी फिल्टरला हात लावायचा. गरम असेल तर ठीक. कोमट असेल तर सूत तुंबलंय किंवा वाट बंद आहे. टीपकागदापेक्षा हे सोपं होतं, कोणालाही जमत होतं, आणि कागद फक्त शंका आली की लागायचे. नव्या ड्रायव्हरांना हे शिकवायचं काम यजमानांनी दाजींना दिलं. ते दरवेळी टिकलीची गोष्ट पहिल्यापासून सांगत, काही न लपवता. चिखल, बाळंतीण, साहेबांचं भाषण, सगळं. मी एकदा यजमानांना जेवणाचा डबा द्यायला गेले होते तेव्हा ती गोष्ट दाराआडून ऐकली. त्यांच्या गोष्टीत माझा हात त्यांच्याच फिल्टरवर भाजायचा. नंतर मी त्यांना म्हटलं, तुमचा तर गार होता, भाजला तो उज्जैनच्या गाडीवर. ते म्हणाले, मालूम आहे, पण पोरांना दोन दोन गाड्या लक्षात राहत नाहीत. मी म्हटलं, मग तर ते उलटंच शिकतील.  पुढच्या वेळेपासून त्यांनी उज्जैनची गाडीही गोष्टीत घेतली.

इंजिन शेवटी उघडावं लागलंच. पुढच्या उन्हाळ्यात सांवेरच्या गाडीच्या इंजिनातून ठोके यायला लागले आणि यजमानांनी ती गाडी आत घेतली. शाळेला सुट्टी होती, मी बघायला येऊ का विचारलं, आणि ते मला घेऊन गेले. लाकडी टेबलावर बेअरिंगचे अर्धगोल तुकडे ओळीनं पुसून ठेवले होते. धातू मऊ आणि करडा होता, त्यावर बारीक बारीक रेघा ओढल्यासारख्या दिसत होत्या. घाण तेलातल्या कणांनी पडलेले ओरखडे. मी एकेक तुकडा उजेडात फिरवून पाहत होते. मला एकच गोष्ट हवी होती. टिकली होती तेव्हाचे ओरखडे कोणते आणि त्यानंतरचे कोणते, हे ओळखता येतं का.

यजमान म्हणाले, नाही येत. सगळे एकावर एक पडतात.

दाजी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांनी एक तुकडा उचलला. त्याच्या मधोमध एक खोल रेघ होती, बाकीच्यांपेक्षा वेगळी.

"ही माझी आहे," ते म्हणाले.

मी विचारलं, कशावरून? त्यांनी तो तुकडा पुन्हा एकदा उजेडाकडे केला, अंगठ्याचं नख त्या रेघेतून हळूच फिरवलं आणि म्हणाले की नक्की नाही सांगता येत, पण वाटतं. यजमानांनी तुकडा त्यांच्या हातातून घेतला, आपलंही नख फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे दिला. मीही पाहिलं. नख रेघेत अडकत होतं. मग मेकॅनिक नवीन बेअरिंग घेऊन आला, आणि आम्ही टेबलापासून बाजूला झालो.